वकील नसलेल्यांसाठी कायदा

वकिलांची मला कधी भीती वाटली नाही. पंधरा वर्षं त्यांचं शुद्धलेखन दुरुस्त केल्यावर कसली भीती राहते? भोकरदनला कोर्टाच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, त्यातला एक कायम बंद, आणि पक्षकारांना बसायला एक बाकडं. मी रोज सकाळी केदारखेड्याहून बसनं येते, झाडलोट करते, आणि दहा वाजले की काळे कोट आत यायला लागतात. दावे, कैफियती, शपथपत्रं, मुदतीचे अर्ज, सगळं माझ्या बोटांखालून जातं. वकील सांगतात आणि मी टाईप करते, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात वकील म्हणतात, "मागच्यासारखंच घ्या ताई, नावं तेवढी बदला," आणि चहाला निघून जातात.

एकदा एका वकिलानं शपथपत्र हातानं लिहून आणलं. पहिलीच ओळ होती, "मी मयत अर्जदार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की." मी विचारलं, "साहेब, मयत माणूस शपथ कसा घेणार?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "मंग मयताच्या पुढं वारस टाका." मी वारस टाकला. दुसऱ्या दिवशी तेच साहेब बाकड्यावर बसून त्या वारसाला सांगत होते, "बघा, कसा बारकाईनं ड्राफ्ट केलाय. असं काम इथं कोणी करून देत न्हाई." माझ्याकडे त्यांनी नजरही वळवली नाही.

असल्या माणसांबद्दल मनात आदर राहत नाही. राहते ती तुच्छता. मी ती कधी त्यांच्यासमोर बोलून दाखवली नाही, पण ती होती, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे माझे दिवस बरे जात. वरून "हो साहेब, झालं साहेब" आणि आतून "याला काही येत नाही." यात एक सुख आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचे कागद लिहिलेत त्यांना ते कळेल.

एका वकिलाच्या मुलीचा कुठल्याशा परीक्षेचा फॉर्म भरत होते, तेव्हा बाजूला एक जाहिरात दिसली. मोठ्या शहरातल्या एका विद्यापीठाची. कायद्याच्या अभ्यासातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, वकील नसलेल्यांसाठी. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल, वर्ग शनिवार-रविवार, तेही ऑनलाईन. खाली लिहिलं होतं, "कायद्याची पार्श्वभूमी नसणाऱ्या नोकरदार व्यक्तींसाठी खास." मला हसू आलं. पंधरा वर्षं या कोर्टाच्या दारात मान मोडून बसलेय, आणि पार्श्वभूमी नाही! वकिलीची सनद खिशात घालून हिंडणाऱ्यांना पार्श्वभूमी आहे.

तरीही मी पान बंद केलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, तांब्याच्या तारेतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला कशातलंच कळत नाही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "सनद मिळती का त्यानं?"

"न्हाई."

"कोर्टात उभं राहता येतं?"

"न्हाई."

"मंग येतं काय?"

"कायदा येतो."

"त्यो तर तुला आताच येतो म्हणती. रोज सांगती, वकिलांना काही येत न्हाई, मलाच समदं येतं."

मी ताटात वरण वाढत राहिले. रीतसर वकिलीची पदवी का नाही, असं त्यांनी पुढे विचारलं. त्यासाठी जालन्याला नाहीतर संभाजीनगरला तीन वर्षं वर्गात हजेरी लावावी लागली असती, दुकान कोण चालवणार, हे कारण मी दिलं आणि ते खरंही होतं. दुसरं कारण सांगितलं नाही. मला त्या कोटातल्या माणसांपैकी एक व्हायचंच नव्हतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त यावं आणि ते त्यांना माहीत असावं, एवढंच हवं होतं. शिकायला यापेक्षा चांगलं कारण असायला पाहिजे, हे मला तेव्हाही समजत होतं.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. एक कॉलेजातल्या शिक्षकाचं, एक कामाच्या ठिकाणचं. कॉलेजातले सर आता निवृत्त. त्यांच्या घरी गेले तर त्यांना मी आठवतच नव्हते. चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "हां हां, कबड्डीत होतीस तू." मी जन्मात कबड्डी खेळले नाही. पण सरांनी तसं पत्र लिहून दिलं, मी संघाचं नेतृत्व केलं आणि माझ्यात खिलाडूवृत्ती ठासून भरलेली आहे वगैरे. त्यांच्या बायकोनं आग्रहानं पोहे दिले. पोहे खाल्ल्यावर पत्र नको म्हणणं जमलं नाही. तसंच ते लावलं.

दुसरं पत्र एका वकीलसाहेबांकडून घ्यायचं ठरवलं. माझ्याकडे सगळ्यात जास्त काम त्यांचं येतं. पांढरे केस, भारदस्त आवाज, तालुक्यात नाव. आवाजावरच त्यांची निम्मी वकिली चालते. मी विषय काढला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कशाला पाह्यजे ताई तुम्हाला हे? सनद न्हाई, काही न्हाई. फ्रेम करून दुकानात लावायला?"

"शिकायचंय साहेब."

"शिका, शिका. पत्र तुम्हीच टाईप करा बराबर, मी सही ठोकतो."

म्हणजे माझी स्तुतीसुद्धा मीच लिहायची. मी त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. फार फुगवलं नाही. कामातली अचूकता, कायद्याच्या भाषेची जाण, गुप्तता पाळण्याची सवय, एवढंच. अचूकता हा शब्द टाईप करताना बोटं क्षणभर थांबली होती. का थांबली ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

साहेबांनी सही केली, वरून खाली नजर फिरवली आणि पेन परत काढलं. शेवटच्या ओळीच्या पुढे त्यांनी हातानं लिहिलं, "अँड व्हेरी ओबिडियंट." आणि फार मोठी देणगी दिल्यासारखं माझ्याकडे बघून हसले.

आज्ञाधारक! घरात कामाला ठेवलेल्या बाईबद्दलसुद्धा आता कोणी असं लिहीत नाही. मी "थँक्यू साहेब" म्हटलं, आणि ते गेल्यावर पत्र फाडून टोपलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा टाईप केलं आणि त्यांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात, एका वकीलपत्राच्या आणि मुदतीच्या अर्जाच्या मध्ये सरकवलं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता अकरा सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही. मी मनात म्हटलं, या माणसाच्या भरवशावर लोक जमिनी सोडून बसलेत.

आता उरलं उद्देशपत्र. तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचा आहे, हजार शब्दांत लिहा. बसस्टँडजवळ ऑनलाईन फॉर्म भरून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे हे तयार मिळतं असं कळलं. बघू तरी म्हणून गेले. त्यानं फाईल उघडून दाखवली. "लहानपणापासूनच मला न्यायाची ओढ होती. गावातील अन्याय पाहून माझे मन पेटून उठत असे."

"ताई, याच्यावरच समदे लागून राह्यलेत," तो म्हणाला. "गावाचं नाव बदलायचं फक्त."

इथेही तेच. नावं बदला. मला वाटलं, मोठ्या शहरात बसलेल्या त्या प्राध्यापकांच्या टेबलावर दरवर्षी पेटून उठलेल्या मनांचा ढीग पडत असेल, आणि ते एकेक मन कौतुकानं वाचत असतील. मूर्ख कुठले.

मी माझं स्वतः लिहिलं, तीन दिवस दुपारच्या सुट्टीत. न्यायाची ओढ वगैरे काही लिहिलं नाही. मी वकिलांबद्दल लिहिलं. मयत अर्जदाराची गोष्ट लिहिली. वकील न वाचता सह्या कशा करतात ते लिहिलं, पक्षकाराला त्याच्याच अर्जात काय आहे ते कोणी वाचून कसं दाखवत नाही ते लिहिलं. शेवटी लिहिलं की कायद्याचं खरं काम ज्यांच्या हातून होतं त्यांना कायदा शिकवायची व्यवस्था नाही, आणि ज्यांना शिकवला जातो ते काम करत नाहीत. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भांडण करायला चालली का शिकायला?"

महिनाभरानं मुलाखतीचा निरोप आला. शनिवारी दुपारी, ऑनलाईन. कोर्टाला सुट्टी, रस्ता सुना. मी अर्धं शटर ओढून घेतलं, इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर तिघं दिसले. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंचे केस आखूड होते, त्या मान खाली घालून काहीतरी वाचत होत्या.

पहिल्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीतच उत्तर दिलं. त्यांना ते बहुधा नको होतं, कारण ते लगेच मराठीवर आले. लहान मुलाशी बोलतात तसे सावकाश. "घाबरू नका हं. तुमच्या भागात कोर्ट किती लांब आहे?"

"माझ्या दुकानापासून चाळीस पावलं."

"अस्सं. छान. आणि तिथं केसेस असतात बऱ्यापैकी?"

मी म्हटलं, "जमीन आहे तिथं केसेस असतात, सर." त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल देव जाणे. दुसऱ्या गृहस्थांनी कबड्डीबद्दल विचारलं. मी म्हटलं, सरांचा गैरसमज झाला, मी खेळत नव्हते. तेव्हा ते जरा खट्टू झाले. या दोघांनाही मी मनातल्या मनात आमच्या वकिलांच्या बाररूममधल्या बाकावर बसवून टाकलं होतं.

मग बाईंनी मान वर केली. त्यांच्या हातात माझं उद्देशपत्र होतं.

"तुम्ही लिहिलंय, वकील न वाचता सही करतात. मग अर्जात चूक झाली तर ती कोणाची?"

"वकिलांची. सही त्यांची असते."

"आणि टाईप करणाऱ्याची?"

"वकील सांगतात ते आम्ही टाईप करतो, मॅडम. कायद्यानं जबाबदारी आमची नसते."

"पण तुम्ही तर म्हणता खरं काम तुमच्याच हातून होतं." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "काम तुमचं आणि जबाबदारी दुसऱ्याची, हे चालणार असेल तर तुम्ही आहात तिथं ठीक आहात. कायदा शिकून काय करणार?"

पडद्यावर तिघांचे चेहरे आणि खालच्या चौकोनात माझा चेहरा, घट्ट मिटलेल्या ओठांचा. मग मी जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, ते सांगायला लागले.

चार वर्षांपूर्वी हसनाबादकडच्या एका वस्तीवरची बाई पत्रावर सही करणाऱ्या त्याच साहेबांकडे आली होती. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या, वाट्याला आलेला जमिनीचा एक तुकडा. त्या तुकड्यात दीर शेड बांधायला निघाला होता. मनाईचा अर्ज करायचा होता, तातडीनं. साहेब म्हणाले, मागच्यासारखंच घ्या. मी मागच्या मनाईच्या अर्जाची फाईल उघडली, नावं बदलली, चतुःसीमा बदलली, आणि गट नंबर मागच्याच फाईलमधला राहिला. साहेबांनी सही केली. हुकूम झाला तो त्याच नंबरावर. बाई हुकमाची नक्कल पदरात बांधून खुशीत गेली. आठ दिवसांनी दिरानं जेसीबी आणला, हिनं कागद दाखवला, आणि कोणीतरी शिकलेल्या माणसानं तो वाचून सांगितलं की हा तुझा गटच नव्हे.

ती परत आली तेव्हा मी दुकानातच होते. साहेबांनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, "वरूनच, कोर्टाकडूनच चूक झाली बाई. दुरुस्तीचा अर्ज टाकू, बिलकुल काळजी करू नका." बाई बाकड्यावर बसून रडत होती. मी मान खाली घालून ती फाईल उघडली आणि माझ्या कॉम्प्युटरमधला गट नंबर दुरुस्त करून ठेवला. उद्या कोणी बघितलंच तर माझ्याकडे बरोबर दिसावा म्हणून. दुरुस्ती होईपर्यंत शेडवर पत्रे चढले होते. त्यानंतर ती बाई कधी आली नाही. आणि मी साहेबांचा तिरस्कार करत राहिले, न वाचता सही करणारा माणूस म्हणून.

हे सगळं मी पडद्याकडे न बघता बोलले. संपलं तेव्हा पहिले गृहस्थ घड्याळ बघत होते. पडद्यावरच्या बाई एवढंच म्हणाल्या, "त्या बाईंना हे माहीत आहे का?"

"नाही."

"ठीक आहे. कळवू आम्ही."

निकालाची वाट न बघता मी त्या आठवड्यात हसनाबादच्या बसमध्ये बसले. मी काही थोर मनानं गेले नाही. त्या आखूड केसांच्या बाईचा मला भयंकर राग आला होता, आणि तिचा प्रश्न कसातरी मिटवून टाकायचा होता. रस्त्याला मका कमरेएवढा आला होता. विचारत विचारत वस्तीवर पोचले. ती अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मला तिनं ओळखलं. "कोर्टापाशी टायपिंग करती ती न्हाई का तू?"

मी उभ्यानंच सांगितलं. नंबर मी चुकवला. साहेबांनी वाचला नाही, पण चुकवला मी.

तिनं आणखी दोन मिरच्यांचे देठ काढले. "मला वाटलं कोर्टानंच तसं लिवलं," ती म्हणाली. "मंग म्या म्हणलं, कोर्टालाच आपली जमीन त्याला द्यायची असंल. आन् सोडून देली."

"अजूनही अर्ज करता येईल. मी टाईप करून देते, साहेबांशी बोलते."

"त्या साहेबाशी?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "चार वर्षं झाले. शेडमध्ये त्याच्या म्हशी बांधल्यात. आता सांगून काय करून राह्यली तू? तुझं मन हलकं व्हायला आलीस. झालं का हलकं?"

मी पिशवी खांद्याला लावली.

"जाय मंग. बस निघून जाईल."

पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं. तिची नजर मला चांगली ओळखीची होती. पंधरा वर्षं मी काळ्या कोटांकडे तशीच बघत आले होते, फक्त समोरून नव्हे. तिनं तोंडावर बघितलं. एवढी हिंमत मला कधी झाली नव्हती.

पंधरा दिवसांनी यादी लागली. माझं नाव होतं, शेवटून तिसरं. नवऱ्यानं पेढे आणले आणि गल्लीत सांगून आले की बायको कायद्याची मोठी परीक्षा पास झाली. साहेब तर पक्षकारांना माझी ओळख "आमच्या मॅडम, एलएलएम करून राह्यल्या" अशी करून द्यायला लागले. ते एलएलएम नाही हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं. त्यांना दुरुस्त करून काही उपयोग नाही, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

दुकानात मात्र मी एक सुरू केलं. टाईप झालं की प्रिंट काढायच्या आधी सगळा अर्ज पक्षकाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. त्याला वेळ लागतो. दोन वकिलांनी काम दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, म्हणाले, ताईंना हल्ली शिंगं फुटलीत. साहेब अजून येतात, पण कुरकुरतात. परवा एका शेतकऱ्याला मी पूर्वेकडची हद्द वाचून दाखवत होते, तर तो मध्येच म्हणाला, "थांब माय, पूर्वेला नाला हाये, रस्ता न्हाई." साहेब चिडले. "अहो ताई, तुम्ही वकील हायेत का? कशाला त्याला घोळात घालता? मागच्या वेळी रस्ताच लिहिलेला होता."

"मागच्या वेळी दुसऱ्याचं शेत होतं साहेब," मी म्हटलं, आणि रस्ता खोडून नाला टाकला.

साहेब चहाला निघून गेले. तो माणूस बाकडं सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, चष्मा नव्हता म्हणून पडद्याच्या अगदी जवळ वाकला, आणि म्हणाला, "आता दक्षिणेकडचं वाच."